व्याधिकथन आणि आत्मचरित्रातील सत्य : ‘इट्स नॉट अबाउट द बाइक’ या पुस्तकाची चिकित्सा

प्रास्ताविक

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार लेखक आणि वाचक यांच्यातील विश्वासावर उभा असतो. फ्रेंच अभ्यासक फिलिप लेजन यांनी १९७५ मध्ये या विश्वासाला ‘आत्मचरित्रात्मक करार’ असे नाव दिले. मुखपृष्ठावरील नाव, निवेदन करणारा ‘मी’ आणि ज्याची कथा सांगितली जाते ती व्यक्ती हे तिन्ही एकच आहेत, अशी हमी लेखक वाचकाला देतो, असा या कराराचा आशय होय. आत्मचरित्राचा विषय आजार असेल तर हा करार अधिक नाजूक होतो. कारण अशा पुस्तकाचा वाचक पुष्कळदा केवळ वाचक नसतो. तो स्वतः रुग्ण असतो किंवा रुग्णाच्या खाटेजवळ बसलेला आप्त असतो. त्याला शैलीपेक्षा आधार हवा असतो. त्या आधारालाच तडा गेला तर वाङ्मयीन फसवणुकीच्या पलीकडचे काही घडते.

अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचे ‘इट्स नॉट अबाउट द बाइक : माय जर्नी बॅक टू लाइफ’ हे २००० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या दृष्टीने विलक्षण उदाहरण आहे. पत्रकार सॅली जेन्किन्स यांच्या साहाय्याने लिहिलेल्या या पुस्तकाला त्याच वर्षी ‘विल्यम हिल स्पोर्ट्स बुक ऑफ द इयर’ हा पुरस्कार मिळाला. वृषणात उद्भवून पोट, फुप्फुसे आणि मेंदू येथवर पसरलेल्या कर्करोगातून बरा झालेला एक तरुण ‘टूर द फ्रान्स’ ही जगातील सर्वांत खडतर मानली जाणारी सायकल शर्यत जिंकतो, ही त्याची कथा. पुढे २०१२ साली या लेखकाची सातही विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांच्या सेवनावरून रद्द झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विन्फ्री यांना दिलेल्या मुलाखतीत त्याने सेवनाची कबुली दिली. एकाच पुस्तकात एक सत्य आजारकथा आणि एक असत्य विजयकथा परस्परांत गुंफलेली आहेत, हे तेव्हा उघड झाले.

अशा पुस्तकाचे वाचन आता कसे करावे? आजारकथा विजयकथेपासून वेगळी काढता येते काय? आणि वेगळी काढल्यावर तिचे मोल किती उरते? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार केला आहे.

१. व्याधीचे स्वरूप

पुस्तकाच्या चिकित्सेपूर्वी मूळ व्याधीचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. कारण कथेतील कोणता भाग कोणाच्या कर्तृत्वाचा, हे त्याशिवाय ठरवता येत नाही. शुक्रपेशी आणि अंडपेशी ज्या मूळ पेशींपासून तयार होतात त्यांना जननपेशी म्हणतात. त्यांच्यापासून उद्भवणाऱ्या गाठी म्हणजे जननपेशींची अर्बुदे. ती बहुधा वृषणात किंवा बीजांडकोशात होतात. गर्भावस्थेत या पेशी शरीराच्या मध्यरेषेने प्रवास करून आपल्या जागी पोहोचतात. वाटेत मागे राहिलेल्या पेशींपासून छातीच्या मध्यभागी किंवा क्वचित मेंदूतही अशी गाठ मुळातच निर्माण होऊ शकते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मेंदूत मुळातच झालेली गाठ आणि वृषणातून रक्तावाटे मेंदूत पोहोचलेली गाठ या भिन्न गोष्टी होत. आर्मस्ट्राँगची व्याधी दुसऱ्या प्रकारची होती. त्याच्या अर्बुदात कोरिओकार्सिनोमा या प्रकारच्या पेशींचा अंश होता. हा प्रकार रक्तावाटे वेगाने पसरतो आणि त्याच्या गाठींमधून रक्तस्राव होण्याची शक्यता मोठी असते.

वृषणाचा पसरलेला कर्करोग १९७० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत बहुतेक रुग्णांना जगू देत नसे. मिशिगन स्टेट विद्यापीठातील बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये विद्युतप्रवाहाचा जिवाणूंवरील परिणाम तपासताना प्लॅटिनमच्या संयुगांचा पेशीविभाजन रोखणारा गुणधर्म आढळला. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध पुढे आले. इंडियाना विद्यापीठातील डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये हे औषध अन्य दोन औषधांच्या जोडीने वृषणाच्या कर्करोगावर वापरले आणि या व्याधीचा इतिहास पालटला. पसरलेल्या अवस्थेतही बरा होऊ शकणारा कर्करोग म्हणून हा कर्करोग पुढे ओळखला जाऊ लागला.

मेंदूपर्यंतचा प्रसार हा मात्र या आशादायक चित्रातील अंधारा कोपरा होय. रक्तातून मेंदूत काय जावे यावर शरीराचे कडक नियंत्रण असते आणि औषधांनाही हा अडथळा पार करावा लागतो. म्हणून रसायनोपचारांबरोबर शस्त्रक्रिया वा किरणोपचार करावेत काय, हा प्रश्न उभा राहतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात फुप्फुसांव्यतिरिक्त यकृत, हाडे, मेंदू अशा अवयवांत पसरलेल्या नॉन-सेमिनोमा प्रकारच्या रुग्णांचा समावेश ‘प्रतिकूल’ गटात करण्यात आला. या गटाचे पाच वर्षे जगण्याचे प्रमाण तेव्हा ४८ टक्के होते. २०२१ मधील सुधारित विश्लेषणात ते ६७ टक्के आढळले. मेंदूत प्रसार झालेल्या ५२३ पुरुषांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळीच मेंदूत प्रसार असलेल्यांपैकी तीन वर्षांनी ४८ टक्के, तर व्याधी उलटल्यावर मेंदूत प्रसार झालेल्यांपैकी २७ टक्के रुग्ण हयात होते.

या आकड्यांचा समीक्षेशी संबंध असा की, आर्मस्ट्राँगचे वाचणे हा चमत्कार नव्हता आणि निश्चितही नव्हते. जवळपास निम्म्यांच्या वाट्याला जे येते ते त्याच्या वाट्याला आले. उरलेल्या निम्म्यांची जिद्द कमी होती, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही.

२. आजारकथेची रचना

पुस्तकाचे निवेदन मृत्यूच्या एका स्वप्नरंजनाने सुरू होते. शंभरी गाठून, सायकलवर असतानाच, देशाच्या ध्वजाच्या सान्निध्यात मरावे असे निवेदक म्हणतो. त्यानंतर लगेच तो २ ऑक्टोबर १९९६ या निदानाच्या दिवसाकडे वळतो. तेव्हा त्याचे वय २५ वर्षे होते. आयुष्याचे ‘पूर्वीचे’ आणि ‘नंतरचे’ असे दोन तुकडे पाडणारा हा दिवस साऱ्या निवेदनाचा कणा आहे. या रचनेत नवे काही नाही. व्याधिकथनाचा तो रूढ साचाच होय.

लक्षणांकडे दुर्लक्ष करण्याचा भाग मात्र अस्सल आहे. वृषणाची सूज, डोळ्यांपुढे येणारी अंधारी, तीव्र डोकेदुखी, खोकल्यातून पडलेले रक्त या प्रत्येक गोष्टीला निवेदक काही ना काही किरकोळ कारण चिकटवतो. वेदना सहन करणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला वेदनेची भाषा ऐकू येत नाही, हा विरोधाभास येथे प्रभावीपणे व्यक्त झाला आहे. त्यात अवयवाच्या नावाशी निगडित लज्जेचाही भाग आहे. मराठी समाजातही ‘वृषण’ हा शब्द डॉक्टरांच्या खोलीबाहेर सहसा उच्चारला जात नाही. त्यामुळे हा भाग परक्या देशातील असूनही मराठी वाचकाला परका वाटू नये.

निदानानंतर दुसऱ्याच दिवशी वृषण काढण्याची शस्त्रक्रिया, रसायनोपचारांपूर्वी शुक्रपेशी साठवण्यासाठी घाईने केलेला सॅन अँटोनियोचा प्रवास, ऑस्टिन येथे रसायनोपचारांचे पहिले आवर्तन आणि मग मेंदूतील दोन गाठींचा शोध अशा क्रमाने कथा पुढे सरकते. प्रत्येक तपासणी नवी वाईट बातमी आणते. या टप्प्यावरील निवेदन तुटक आणि छोट्या वाक्यांचे आहे. वाक्यांच्या या तुटकपणातच भीती आहे. निवेदकाला ती वेगळी सांगावी लागत नाही.

पुस्तकातील सर्वांत मोलाचे प्रकरण उपचारांच्या निवडीचे आहे. ह्यूस्टन येथील एका विख्यात केंद्रात सुचवलेली योजना आणि इंडियानापोलिस येथील योजना यांत निवेदकाला निवड करायची असते. नेहमीच्या औषधयोजनेतील ब्लिओमायसिन हे औषध फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. इंडियाना येथील डॉ. क्रेग निकोल्स त्याऐवजी आयफॉस्फमाइडचा समावेश असलेली योजना सुचवतात. तिचा तात्कालिक त्रास अधिक, पण फुप्फुसे वाचण्याची शक्यता जास्त. मेंदूसाठी किरणोपचार केल्यास शरीराच्या तोलावर परिणाम होऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे येतो. येथे रुग्ण प्रश्न विचारतो, दुसरे मत घेतो, टिपणे काढतो आणि डॉक्टर त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतात. सामान्य वाचकाच्या हाती देण्याजोगे काही या पुस्तकात असेल तर ते हे प्रकरण होय.

२५ ऑक्टोबर १९९६ रोजी डॉ. स्कॉट शापिरो यांनी मेंदूतील गाठी काढल्या. त्या मृत पेशींच्या असल्याचे आढळले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या रात्रीचे निवेदन या पुस्तकाचा उत्कर्षबिंदू मानावा लागेल. डोक्यावर जागा निश्चित करणारे ठिपके चिकटवलेला निवेदक आपण कशावर विश्वास ठेवतो याचा शोध घेतो. संघटित धर्म त्याला आपला वाटत नाही. अखेर तो औषधे आणि डॉक्टर यांच्यावर विश्वास ठेवतो. दोन दशकांपूर्वी ज्यांनी हा उपचार प्रथम करून पाहिला त्या आइनहॉर्न यांच्यासारखा माणूस श्रद्धेला पात्र आहे, अशा आशयाचे विचार तो मांडतो. आपले जगणे दुसऱ्या कोणाच्या तरी परिश्रमांचे फळ असेल, ही जाणीव येथे स्पष्ट आहे. लाट्रिस हेनी या परिचारिकेचे व्यक्तिचित्र याच जाणिवेतून आले आहे आणि ते पुस्तकातील सर्वांत जिवंत व्यक्तिचित्र आहे.

३. साच्याचा दाब

आर्थर फ्रँक यांनी ‘द वूंडेड स्टोरीटेलर’ (१९९५) या ग्रंथात व्याधिकथनांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात रुग्ण आजारी पडतो, उपचार घेतो आणि पूर्ववत होतो. त्याला पूर्वस्थितीची कथा म्हणता येईल. दुसऱ्यात सुसंगतीच उरत नाही. ती गोंधळाची कथा. तिसऱ्यात रुग्ण आजारातून काही शोधतो आणि बदललेला माणूस म्हणून परततो. ती शोधाची कथा. ‘इट्स नॉट अबाउट द बाइक’ हे पुस्तक तिसऱ्या प्रकारचे असल्याचा दावा करते. शीर्षकच सांगते की, हे सायकलविषयी नाही. टूरचे विजेतेपद आणि कर्करोग यांपैकी एकाची निवड करायची झाल्यास आपण कर्करोग निवडू, असेही निवेदक म्हणतो.

पण पुस्तकाची रचना या दाव्याला साथ देत नाही. उत्तरार्ध १९९९ च्या टूरकडे धावतो. आजारपणात लाभलेली अंतर्दृष्टी हळूहळू स्पर्धेच्या इंधनात रूपांतरित होते. शारीरिक यातना सोसण्याची सवय, घटलेले वजन, पणाला लागलेली जिद्द अशा कारणांनी विजयाचे स्पष्टीकरण दिले जाते. शोधाची कथा म्हणून सुरू झालेले पुस्तक पूर्वस्थितीच्या कथेवर, किंबहुना तिच्याही पुढच्या टप्प्यावर संपते. येथे नायक पूर्ववत होऊन थांबत नाही. तो पूर्वीपेक्षा बलवान होतो.

सुझन सोंटॅग यांनी ‘इलनेस ॲज मेटाफर’ (१९७८) मध्ये कर्करोगाभोवतीच्या युद्धाच्या रूपकांवर आक्षेप घेतला होता. आजाराला शत्रू आणि रुग्णाला योद्धा म्हटले की मृत्यू हा पराभव ठरतो, आणि पराभवाचा दोष योद्ध्याकडे जातो. आर्मस्ट्राँगच्या पुस्तकात युद्धाची जागा शर्यतीने घेतली आहे. कर्करोग हा प्रतिस्पर्धी आहे, त्याने चुकीच्या माणसाला गाठले आहे, त्याला मागे टाकायचे आहे अशी भाषा वारंवार येते. रूपक बदलले तरी तर्क तोच राहतो.

मात्र या बाबतीत पुस्तकावर सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे ठरेल. पहिल्याच प्रकरणात निवेदक असे स्पष्ट म्हणतो की, चांगली, खंबीर माणसे सर्व काही नीट करूनही मरतात आणि आपण का वाचलो हे आपल्याला ठाऊक नाही. डॉक्टरांनी आपल्याला सांगितलेली शक्यता त्यांच्या मनातील शक्यतेपेक्षा जास्त होती, हेही त्याला नंतर कळले आणि त्याने ते नमूद केले. म्हणजे पुस्तकाला सत्य ठाऊक आहे. ते एकदा उच्चारले जाते आणि मग कथेच्या वेगात मागे पडते. हा दोष माहितीचा नाही. जी जाणीव निवेदनाच्या प्रारंभी आहे ती निवेदनाच्या रचनेत उतरलेली नाही, हा खरा दोष होय.

४. संहितेतील मौन

उत्तेजकांच्या कबुलीनंतर पुस्तकातील तीन जागा नव्याने वाचाव्या लागतात.

पहिली जागा एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ‘ईपीओ’ या औषधाची. रसायनोपचारांत रक्तपेशी घटतात. त्यासाठी रुग्णाला हे औषध दिले गेले. एरवी सायकलिंगमध्ये ते निषिद्ध आहे, पण येथे तेच आपल्याला जगवत होते, अशा आशयाचे विधान निवेदक करतो. २००० साली हे विधान प्रामाणिकपणाची खूण वाटले असणार. आता ते वेगळे ऐकू येते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून आपण उत्तेजके घेत होतो, अशी कबुली पुढे आल्यामुळे हे औषध निवेदकाला रुग्ण होण्यापूर्वीच परिचित असल्याची दाट शक्यता पुढे येते. विधानातील प्रत्येक शब्द खरा असू शकतो आणि तरीही ते विधान लपवण्याचे काम करू शकते.

दुसरी जागा १९९९ च्या टूरमधील आहे. तपासणीत कॉर्टिकोस्टेरॉइडचा अंश सापडल्याचे स्पष्टीकरण पुस्तकात त्वचेवर लावायच्या मलमाने दिले आहे. त्या मलमाचा वैद्यकीय दाखला मागाहून मागील तारखेचा तयार करण्यात आला होता, असे संघातील एका कर्मचारी स्त्रीने नंतर सांगितले आणि २०१२ च्या अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेच्या अहवालात तिची साक्ष आली. येथे निवेदन केवळ मौन बाळगत नाही. ते खोटे बोलते.

तिसरी जागा पुस्तकात नाही, आणि म्हणूनच ती सर्वांत महत्त्वाची आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दोनच दिवसांनी, २७ ऑक्टोबर १९९६ रोजी, इंडियाना येथील रुग्णालयातील एका खोलीत डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर देताना आर्मस्ट्राँगने आपण ईपीओ, वृद्धी संप्रेरक, स्टेरॉइड्स इत्यादी घेतल्याचे सांगितले, अशी शपथेवरील साक्ष सहकारी सायकलपटू फ्रँकी अँड्र्यू आणि त्याची पत्नी बेट्सी यांनी २००५ मध्ये एका लवाद प्रकरणात दिली. आर्मस्ट्राँगने तेव्हा शपथेवर ते नाकारले. अशी काही नोंद नसल्याचे डॉ. निकोल्स यांनीही प्रतिज्ञापत्रात सांगितले. २०१३ च्या मुलाखतीत मात्र याच प्रश्नावर आर्मस्ट्राँगने उत्तर देण्याचे टाळले.

त्या खोलीत नेमके काय घडले याचा निवाडा करणे हे समीक्षेचे काम नव्हे. समीक्षेला महत्त्वाचे वाटावे ते असे की, पुस्तकात त्या दिवसांचे वर्णन तपशीलवार आहे. टाके, भेटीस आलेले मित्र, संघमालकांचा प्रतिनिधी, त्याच्याशी झालेले कराराचे बोलणे हे सारे त्यात येते. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील संवाद हा या निवेदनाचा प्राण आहे. पण रुग्णाने डॉक्टरांना आपल्या शरीराचा पूर्वेतिहास सांगण्याचा जो प्रसंग प्रत्येक आजारकथेत केव्हा तरी येतो, तो येथे येत नाही. ज्या ठिकाणी आजारकथा आणि क्रीडाकथा एकमेकींना भेटणे अपरिहार्य होते, नेमक्या त्याच ठिकाणी संहिता मुकी होते.

५. करारभंग आणि वाचक

२०१३ च्या प्रारंभी अमेरिकेत काही वाचकांनी आर्मस्ट्राँग आणि प्रकाशक यांच्याविरुद्ध कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. सत्यकथन म्हणून विकलेली पुस्तके वस्तुतः कल्पित होती आणि त्यामुळे आपली फसवणूक झाली, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने तो दावा फेटाळला. पुस्तकातील मजकुराला, त्यात असत्य असले तरी, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याची भूमिका त्यामागे होती. त्याच सुमारास सिडनीजवळच्या मॅनली येथील ग्रंथालयात ही पुस्तके कथा-कादंबऱ्यांच्या विभागात हलवली जातील, अशी पाटी झळकली. तो खोडसाळपणा असल्याचे नंतर स्पष्ट झाले. सहलेखिका जेन्किन्स यांनी मात्र डिसेंबर २०१२ मधील आपल्या स्तंभात आर्मस्ट्राँगवर आपला राग नसल्याचे लिहिले.

या तीन प्रतिक्रिया तीन भिन्न भूमिका दर्शवतात. दावा करणारे वाचक पुस्तकाला वस्तू मानतात. तीत भेसळ निघाली, म्हणून पैसे परत. ग्रंथालयातील पाटी लावणाऱ्याला एक असत्य आढळल्यामुळे सारेच कल्पित वाटते. सहलेखिका स्नेहाच्या नात्याने पाहते. पण मेंदूत पसरलेल्या कर्करोगाचा जो रुग्ण २००१ किंवा २००५ साली हे पुस्तक उशाशी ठेवून झोपला, त्याच्या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणीच देत नाही. त्याचा प्रश्न साधा आहे : या माणसाला खरोखर माझा आजार होता काय, आणि तो खरोखर बरा झाला काय? या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच आहे. गाठी खऱ्या होत्या, शस्त्रक्रिया खरी होती, रसायनोपचारांची चार आवर्तने खरी होती. ती डिसेंबर १९९६ मध्ये संपली. त्यांना साक्षीदार आहेत आणि त्यांमागचे शास्त्र स्वतंत्रपणे पडताळता येते.

खोटे होते ते बरे होण्याचे स्पष्टीकरण. ज्या जिद्दीने टूर जिंकला तीच जिद्द कर्करोगावर मात करू शकली, असे समीकरण पुस्तकाने वाचकाच्या मनात तयार केले. या समीकरणाची एक बाजू आता कोसळली आहे. पण दुसरी बाजू मुळातही खरी नव्हती. कर्करोग हटला तो सिस्प्लॅटिन, आयफॉस्फमाइड आणि शल्यविशारदाचा हात यांमुळे. दोन्ही ठिकाणी प्रभावी ठरलेल्या द्रव्यांचे श्रेय जिद्दीला दिले गेले, हे या पुस्तकातील साम्य अस्वस्थ करणारे आहे. एका ठिकाणी ते फसवणुकीच्या हेतूने घडले, दुसऱ्या ठिकाणी बहुधा भाबडेपणाने. पण कथेचा साचा एकच होता. म्हणूनच एका असत्याने दुसऱ्याला पाठबळ दिले. कर्करोगातून उठलेला माणूस असे काही शरीरात घालणार नाही, हा युक्तिवाद वर्षानुवर्षे टिकला तो या साच्याच्याच जोरावर.

६. भारतीय संदर्भ

या साच्याचा पडसाद भारतातही उमटला. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेत ३६२ धावा आणि १५ बळी अशी कामगिरी करून सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेल्या युवराज सिंगच्या छातीत तेव्हा जननपेशींचे अर्बुद वाढत होते. २०१२ च्या प्रारंभी त्याच्यावर इंडियानापोलिस येथे, त्याच डॉ. आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली उपचार झाले. आर्मस्ट्राँगचे उदाहरण आपल्याला प्रेरक ठरल्याचे त्याने सांगितले होते. त्याचे ‘द टेस्ट ऑफ माय लाइफ’ हे पुस्तक २०१३ साली, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या कबुलीच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्याचा प्रसार मेंदूपर्यंत झालेला नव्हता, त्यामुळे दोन आजारांची तुलना करता येणार नाही. पण शरीराच्या सूचना अव्हेरणारा खेळाडू, इंडियानापोलिसची खोली आणि मैदानावरील पुनरागमन हा क्रम दोन्ही पुस्तकांत सारखा आहे. युवराजचे पुनरागमन सात विजेतेपदांसारखे दिपवणारे नव्हते, आणि म्हणूनच त्याची कथा आजाराच्या वास्तवाशी अधिक प्रामाणिक राहू शकली, असे म्हणता येईल.

मराठीतील व्याधिकथनाची परंपरा या साच्यापासून बरीच दूर राहिली आहे. डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात रोगाची कारणे निवेदक स्वतःच्या जगण्यात शोधतो आणि त्यासाठी स्वतःला उलटतपासणीस उभे करतो. पद्मजा फाटक यांच्या ‘हसरी किडनी’त विनोद हा आत्मगौरवाला आवर घालणारा घटक ठरतो. या पुस्तकांच्या तुलनेत आर्मस्ट्राँगच्या निवेदनातील मोठी उणीव लक्षात येते. त्यात धैर्य आहे, पण स्वतःविषयीचा संशय नाही. आत्मचरित्राला सत्याकडे नेणारी शक्ती हीच असते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ‘इट्स नॉट अबाउट द बाइक’ हे पुस्तक कल्पित म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. त्यातील व्याधीचे, निदानाचे आणि उपचारनिवडीचे निवेदन आजही विश्वसनीय आणि उपयुक्त आहे. त्यातील विजयाचे निवेदन असत्य आहे. या दोहोंच्या सीमेवर ज्या जागी संहिता अवघडते, घाई करते किंवा मुकी होते, त्या जागा वाचकाने ओळखल्या पाहिजेत. निवेदक जेथे नायक असतो तेथे पुस्तक संशयास्पद ठरते. तो जेथे केवळ रुग्ण असतो, डोक्यावर ठिपके लावून सकाळची वाट पाहतो, परक्यांच्या ज्ञानावर भार टाकतो, तेथे ते खरे राहते.

हा भेद केवळ वाङ्मयीन नाही. मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात. मेंदूपर्यंत गेलेला आजार घेऊन तेथे आलेल्या एखाद्या विशीतल्या तरुणाच्या हाती असे पुस्तक पडले, तर तू वीर हो म्हणजे वाचशील, असा संदेश त्याने त्यातून घेऊ नये. न वाचणाऱ्याच्या माथी त्याच्याच मृत्यूचा दोष मारणारा तो संदेश आहे. त्याने घ्यावे ते वेगळे : दुखणे लपवू नये, अनुभवी केंद्र गाठावे, प्रश्न विचारावेत, दुसरे मत घ्यावे आणि आपला पूर्वेतिहास डॉक्टरांना खरा सांगावा. यांतील शेवटची गोष्ट पुस्तकात कोठेही लिहिलेली नाही. तिच्या अभावातूनच ती वाचकाला शिकावी लागते.